आत्या रुसली तर किती मात्रा?

मी गाणी टाइप करून पोट भरलं. गायलं एकही नाही, आणि ज्यांनी मला गणपतीच्या आरतीत ऐकलंय त्यांची याबद्दल काही तक्रार नाही.

हा धंदा भिवंडीत समजावून सांगायचा म्हणजे पंचाईत. इथे माणूस लूमवर, म्हणजे यंत्रमागावर असतो, नाही तर गोदामात, नाही तर यातल्या कशाचा तरी मालक. शेजारणी विचारायच्या, "ड्युटी कुठं तुमची?" मी सांगायचे, "कशेळीला, गोदामाच्या माळ्यावर." "माल कसला असतो?" "खाली साबण, वर व्हायोलिन." त्यानंतर त्या भाजीच्या भावाकडे वळायच्या.

खरं काम साधं होतं. परदेशातल्या ग्रंथालयांत जुन्या संगीताची छापील पानं असतात. पाच आडव्या रेघा, त्यांवर टिंबं, टिंबांना दांड्या. त्या पानांचे फोटो आमच्याकडे यायचे आणि आम्ही बायका ते साध्या अक्षरांत लिहून काढायचो. फोनवरून कुणाला रांगोळी सांगायची झाली तर कसं सांगाल? "तिसऱ्या ओळीतला दुसरा ठिपका, तिथून उजवीकडे वळ, अर्ध्यात थांब." तसंच हे. कोणता स्वर, किती लांब, दांडी वर की खाली, सगळं शब्दांत आणि कंसांत. अशी फाइल संगणकाला दिली की तो तेच पान पुन्हा काढून दाखवतो, वाजवूनही दाखवतो. आम्ही या लिहिण्याला नुसतं "लिपी" म्हणायचो.

मी इथवर आले ती टायपिंगच्या जोरावर. क्लासात असताना माझ्या बोटांचा वेग हा भिवंडी तालुक्याचा अभिमान आहे अशी माझी समजूत होती. तालुक्याला याची कल्पना नव्हती. चाळिशीत या नोकरीत शिरले तेव्हाही तो तोरा उतरलेला नव्हता. संगीतातलं ओ की ठो कळत नसताना मी पानामागून पान हाणत सुटायचे आणि बाकीच्यांकडे चष्म्यावरून बघायचे. त्या बाईला आज बस स्टॉपवर भेटले असते तर ओळख दाखवली नसती.

तिची पहिली खोड मोडली ट्रेमोलोने.

ट्रेमोलो म्हणजे स्वराची थरथर. छापील पानावर स्वराच्या दांडीला तिरक्या चिरा मारलेल्या दिसतात, काकडीला सुरीने माराव्यात तशा. अर्थ असा, की हा स्वर नुसता धरून ठेवू नका, त्यावर भराभर आघात करत राहा. एक चीर असेल तर बेताने, दोन असतील तर जलद, तीन असतील तर बहुतेक वेळा मोजायचंच नाही, हात चालेल तितकं. दुसरा एक प्रकार असतो, त्यात दोन स्वर आळीपाळीने थरथरतात. ठाणं-भिवंडी, भिवंडी-ठाणं, अशा रिक्षाच्या फेऱ्या.

आता गंमत ही, की त्या दुसऱ्या प्रकारात छापणारे दोन्ही स्वरांवर पुरी लांबी लिहितात. दोन उभ्या रेघांमधलं घर चार मात्रांचं, आत स्वर दोन, आणि दोघेही चार-चार मात्रांचे. आमचा सुपरवायझर इरफान, लूमवाल्याचा मुलगा, एक दिवस माझ्या टेबलाशी आला.

"ताई, चार रोटी के डिब्बे में आठ कैसे घुसेंगी? मशीन चिल्ला रही है."

"छापणाऱ्याला हिशोब येत नाही," मी म्हटलं, आणि त्या संबंध ग्रंथातले सगळे ट्रेमोलो निम्मे करून टाकले. कुणी शाबासकी देतंय का म्हणून मान वर करून पाहिलंही.

ग्राहकाचं उत्तर फार सभ्य होतं. आपल्याकडून आलेल्या प्रतीत रचनाकाराचं गणित पुष्कळ सुधारलं आहे, तथापि ते होतं तसं मिळाल्यास बरं, असं काहीसं. इरफानने ते दोनदा वाचलं. म्हणाला, "समझ गया. दोनों एक ही थाली में खा रहे हैं, ताई. इसलिए दोनों पे पूरी थाली लिखी है." याहून सोपं स्पष्टीकरण मी नंतरही कुठे वाचलं नाही. नव्या मुलींना मी तेच सांगत आले, फक्त इरफानचं नाव गाळून.

त्या दिवसापासून आमचं ब्रीद ठरलं, मक्षिकास्थाने मक्षिका. पानावर आहे ते लिहायचं, शहाणपण करायचं नाही. पुढे एकदा खरोखरच माशी आली. एका प्राध्यापकांना एका दांडीवरची चीर ही चीर आहे की शाई सांडलीय याचा छडा हवा होता. आम्ही फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. त्या चिरेला पाय होते. शंभरेक वर्षांपूर्वी मिटलेल्या ग्रंथात चेंगरलेली माशी आम्ही "माशी" म्हणूनच टिपेत लिहून पाठवली. प्राध्यापकांनी आभार मानले आणि ती कोणत्या जातीची असावी असं विचारलं. असे ग्राहक आता राहिले नाहीत. आता यंत्रच फोटो वाचतं, बायका नुसत्या तपासतात. मी निवृत्त झाले त्याच सुमारास हे सुरू झालं, त्यामुळे मला कुणी काढलं असं म्हणता येत नाही आणि थांबवलं असंही म्हणता येत नाही.

एवढी प्रस्तावना केली ती रेखासाठी.

रेखा आमच्याच माळ्यावरची. दिघाशीला दिलेली, नवरा वडप्याला गोदामात, ही रोज कशेळीला. हात सावकाश, पण चूक सापडायची नाही. तिचा सासरा म्हणजे धोंडूमास्तर. मास्तर शाळेचे नव्हेत, बेंजो पार्टीचे. आमच्या भागात हळद म्हटली की बेंजो हवाच. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. लांबट पेटी, तिच्यावर तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी गोल बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. हा स्वर सतारीसारखा रेंगाळत नाही, छेडला की विझतो. म्हणून तो जिवंत ठेवायला नखी सारखी खाली-वर, खाली-वर चालवावी लागते. म्हणजे ट्रेमोलोच. मी जन्मभर जो परदेशी म्हणून टाइप करत होते तो माझ्या लग्नाच्या हळदीत माझ्याच कानाशी वाजून गेला होता. तेव्हा माझं लक्ष साडीच्या काठाकडे होतं.

मी निवृत्त झाल्यावर मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पाय सुधारला, डावा हात लुळा पडला. उजवा उत्तम. म्हणजे नखी चालते आणि बटणं दाबता येत नाहीत. पार्टीचा ढोलवाला बाळू, मास्तरांचा जुना साथीदार, त्याने वडप्याचा एक कॅसिओवाला बघून ठेवला. रेखाने सांगितलं, मी बसते बेंजोवर. ती घरात सासऱ्याचं ऐकून-ऐकून थोडं वाजवायची. बाळू हसला नाही, उलट फार गंभीर झाला. म्हणाला, "वयनी, बाईच्या मनगटाला ह्यो सूर झेपाचा न्हाय." शेवटी मास्तरांच्या शब्दाखातर त्याने एक हळद देऊ केली. कशेळीची. तिथे सूर टिकला तर जागा रेखाची, तुटला तर कॅसिओ, आणि मास्तरांचा बेंजो गवसणीत.

रेखा माझ्याकडे आली. माझ्या घराच्या भिंतीपलीकडे लूम चालतात, त्यामुळे आमच्याकडे सगळे जरा मोठ्यानेच बोलतात.

"काकू, मामा शिकवताना नुसतं 'असा, असा न्हाय, असा' एवढंच बोलतात. मग चिडतात. मला डोळ्यांनी दिसलं तर हाताला कळेल. आपल्या लिपीत उतरवू या का?"

मला काय, सुपारीच मिळाली. दिघाशीला गेले. ओटीवर बेंजो मांडला, सासरा एका बाजूला, सून दुसऱ्या बाजूला. ती बटणं दाबणार, तो नखी चालवणार. एका सायकलचं हँडल एकाकडे आणि पायडल दुसऱ्याकडे असावं तसं. वाट सरळ असली की दोघं ठीक चालायची, वळण आलं की भांडायची.

"दाब ना गो."

"मामा, तुमी आदी छेडलंत."

"मी आदी न्हाय, तू उशिरा हायस."

मी मोबाइलवर घेत होते. त्यात गाण्यापेक्षा ही वाक्यंच जास्त आली, तरी पुरेसा सूर मिळाला. घरी येऊन मी ते संगणकावर हळू करून ऐकलं. आणि इथे ती जुनी चष्म्यावरून बघणारी बाई पुन्हा अंगात आली. मी ठरवलं, चिरा मारून मोकळं व्हायचं नाही. मास्तरांचा एकेक आघात मोजायचा आणि एकेक लिहायचा. मक्षिकास्थाने मक्षिका. एका लांब स्वराच्या जागी माझ्या फाइलीत बारक्या स्वरांच्या ओळीच ओळी. डोळे गेले, कंबर गेली, पण काय ती फाइल. स्वतःशीच म्हटलं, असं काम युरोपात कुणी केलं नसेल. केलं नव्हतंच. तिथे लोकांना अक्कल होती.

मास्तर रेखाबरोबर माझ्या घरी आले, खुर्चीत बसले. मी मोठ्या थाटात फाइल वाजवली. ते लक्ष देऊन ऐकत राहिले. मग भिंतीकडे बोट करून विचारलं, "बाय, ह्यो तुजा कंपुटर वाजतंय का पलीकरचा लूम?"

रेखाने तोंडाला पदर लावला.

"मास्तर, तुमचेच हात आहेत. एकूण एक आघात मोजलाय."

"मोजलास म्हनून तं लूम झाला."

मी हरणारी नव्हते. त्यांना सांगितलं की मोजलं म्हणूनच एक गोष्ट सापडली. प्रत्येक लांब स्वर संपायच्या जरासा आधी तुमची नखी थांबते. एक श्वासभर रिकामं ठेवता आणि मग पुढच्या स्वरावर जाता. ते म्हणाले, "मी? कवाच न्हाय." रेखाकडून नखी घेतली, माझ्या टेबलाच्या कडेवर उजवा हात चालवून पाहिला. थांबला. पुन्हा चालवला, पुन्हा थांबला. मास्तर आपल्याच हाताकडे परक्या माणसाकडे बघावं तसे बघत होते.

"च्यायला," ते हलकेच म्हणाले. "यो कवापासून करतंय?"

एवढ्यावर माझी मान ताठ झाली होती. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आनि शेवटचा सूर केवडा लिवलास?"

"आठ मात्रा. अगदी तुम्ही वाजवला तेवढा."

"आनि आत्या रुसली तं?"

मला कळेना. रेखाने समजावलं. मास्तरांच्या पार्टीची रीत अशी, की नवरा किंवा नवरी हळदीच्या पाटावर बसली की गाण्याचा शेवटचा सूर धरायचा आणि तो थरथरता ठेवायचा, आत्या पहिली हळद लावेपर्यंत. आत्या कुठल्याही लग्नात सहज येत नाही. तिला बोलवावं लागतं, मनवावं लागतं, मागच्या लग्नातलं उकरून काढलेलं ऐकून घ्यावं लागतं. तोवर सूर तुटता कामा नये. तुटला तर त्या घरचे लोक पोरांच्या बारशापर्यंत बोलत राहतात.

आमच्या लिपीत प्रत्येक स्वराला लांबी द्यावीच लागते. पाव, अर्धी, एक, चार. "आत्या येईपर्यंत" असं माप नाही. मी रात्रंदिवस परदेशी दांड्या मोजल्या, पण हा प्रश्न कुठल्याच प्राध्यापकाने विचारला नव्हता.

दोन दिवस मी मास्तरांवर चरफडले. मग बसले आणि सगळे मोजलेले आघात पुसले. पोटच्या पोराचं जावळ काढताना आया रडतात तसं वाटलं, पण जावळच होतं ते. त्या जागी लिहिला एक लांब स्वर, त्याच्या दांडीला तीन चिरा, आणि लिपीतला तो छोटा शब्द ज्याचा अर्थ "मोजू नये". लांब स्वरांच्या शेवटी मास्तरांची ती श्वासभर जागा मात्र ठेवली. अखेरच्या स्वराच्या डोक्यावर थांब्याची खूण टाकली, अर्धचंद्र आणि खाली टिंब. वाजवणाऱ्याच्या मर्जीने हा स्वर लांबतो असा तिचा अर्थ. वाजवणाऱ्याच्या की आत्याच्या, हे लिपी सांगत नाही.

पान अगदीच मोकळं दिसायला लागलं. रेखा त्यावरून रोज वाजवू लागली. मास्तर ओट्यावर बसून ऐकायचे आणि आता कमी चिडायचे. पण त्यांचा सूर वेगळा होता आणि हिचा वेगळा. त्यांचा पहिल्यापासून भरून यायचा आणि तसाच राहायचा, चुलीवरच्या आधणासारखा. हिचा मनगट भरून आलं की अडखळायचा. बाळू एकदा ऐकून गेला. कॅसिओवाल्याला त्याने नाही म्हटलेलं नव्हतं.

कशेळीच्या हळदीला मी मुद्दाम गेले. दिवेलागणीला मांडवात बसले, बायकांच्या घोळक्यात. रेखा हिरव्या साडीत बेंजोपुढे, मागे बाळू ढोल घेऊन, मास्तर बाजूला खुर्चीवर, लुळा हात मांडीवर. पोरांनी मोबाइल वर केले होते. बाई बेंजोवर, हे त्यांना नवीन. गाणी चांगली झाली. लोक नाचले. मग नवऱ्या मुलाला पाटावर आणलं, ढोल थांबला, आणि रेखाने शेवटचा सूर धरला.

आत्या आली नाही.

इकडे-तिकडे कुजबुज. आत्या आतल्या खोलीत होती. भावजयीने मानाची साडी हातात न देता पिशवीत घालून दिली होती, आणि पिशवी दुकानाची नव्हती, किराण्याची होती. नवऱ्याचा बाप आत गेला, बाहेर आला. काका आत गेला, तो बाहेरच येईना. रेखाची नखी चालूच. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "ही आत्या दर येलेला असाच करते. हिच्या पोरीच्या लग्नान पन रुसलेली."

"स्वतःच्या पोरीच्या?"

"तवा नवऱ्यावर."

मी रेखाच्या मनगटाकडे पाहत होते. कोपर खाली आलं होतं, ओठ आत ओढलेले. बाळूने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी उजवा हात उचलला, पुढे केला, म्हणजे मी छेडतो, तू बटण दाब. रेखाने मान हलवली. नाही. तो हात तसाच परत मांडीवर गेला.

मग सूर उतरायला लागला. भरलेला सूर पातळ झाला, अजून पातळ, एकच तार वाजतेय असं वाटावं इतका. बोलणारी माणसं गप्प झाली, कारण बोललं तर ऐकू येईना. बाळूने ढोलावर हात ठेवला, संपलंच असं समजून. मांडवात इतकी शांतता मी कशेळीत कधी ऐकली नव्हती, हायवेवरचे ट्रेलरसुद्धा ऐकू येत होते.

आतलं दार उघडलं आणि आत्या हळदीची वाटी घेऊन लगबगीने बाहेर आली.

"काय रं," ती भावाला म्हणाली, "माझ्याबिगर आटपता काय?"

रेखाची नखी तिथून चढायला लागली. आत्या चार पावलं आली तसा सूर चढला, आणि तिने भाच्याच्या गालाला हळद लावली तेव्हा तो पुरता भरला होता. बाळूचा ढोल अर्धा ठोका उशिरा आला, पण ते मला आणि मास्तरांनाच कळलं असावं.

निघताना बाळू गवसणी बांधत होता. मास्तरांकडे न बघता, थेट रेखाला म्हणाला, "वयनी, पुडची हलद काल्हेरची. येलेवर ये." कॅसिओचा विषय कुणी काढला नाही.

दोन दिवसांनी सासरा-सून माझ्याकडे आली. रेखा मनगटाला तेल चोळत होती. मी विचारलं, "सूर उतरवायचं कसं गं सुचलं?"

"सुचलं कुठं, काकू. हात भरून आला होता. जोर लावला असता तर तुटलाच असता, म्हणून हळू केलं. आत्या त्याने बाहेर येईल हे मला काय ठाऊक."

ती चहा टाकायला आत गेली. मास्तर संगणकाजवळ सरकले.

"बाय, तो लिव."

"काय?"

"तिना केला तो. उतरलेला नि चढलेला. मी जनमभर आत्यांना मोठ्यान बोलावलं. त्या आनखी रुसायच्या."

"ती म्हणते मुद्दाम नव्हतं केलं."

"मी तरी नखी मुद्दाम थांबवत होतू काय? तो लिवलास ना?"

लिहिला होता. तेव्हा बोलायला जागा नव्हती. जुन्या पोथ्यांत पाठभेद असतात, तशी सोय आमच्या लिपीतही आहे. एकाच जागी दोन रीती लिहिता येतात, प्रत्येकीपुढे कुणाची ते नाव घालता येतं, आणि दोन्ही फाइलीत राहतात. मी शेवटच्या सुराच्या जागी मास्तरांची रीत ठेवली आणि तिच्याखाली रेखाची लिहिली. तोच स्वर, त्याच तीन चिरा, तोच थांबा, फक्त खाली आवाज उतरण्याची आणि चढण्याची खूण जास्त. नावं घातली. मास्तरांना वाचून दाखवलं, आणि हेही सांगितलं, की दोन्ही असल्या तरी फाइल उघडणाऱ्याला पहिल्यांदा वरचीच दिसते.

"वर कोनाची हाय?"

"तुमची. जुनी ती आधी, असा शिरस्ता आहे."

मास्तरांनी पडद्यावरच्या त्या दोन ओळींवरून बोट फिरवलं. त्यांना त्यातलं अक्षरही लागत नव्हतं. आतून कपबश्यांचा आवाज येत होता.

"तिची वर घाल," ते म्हणाले. "माजी कोनाला पायजे असली तं वाकून बगल."

मी दोन ओळींची जागा बदलली. एवढ्या कामाला वेग लागत नाही. रेखा चहा घेऊन आली तेव्हा पडदा बंद होता आणि आम्ही किराण्याच्या पिशव्यांबद्दल बोलत होतो. तिला अजून हे माहीत नाही. सूर पाठ झाल्यापासून ती ही फाइल उघडत नाही. हे ज्यात छापून येतंय तो अंक मात्र मी तिच्या घरी पोचवणार आहे.